माळ्यावरचे संगणक आणि नगरची वीज

नगर जिल्ह्यात, म्हणजे सरकारी कागदांवर आता अहिल्यानगर जिल्ह्यात, दुरुस्तीला येणारे जुने घरगुती संगणक मोजक्याच जातींचे असतात. त्यांत ओळखीचा म्हणजे सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. हा इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. पुढे त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकली. पुणे जवळ असल्याने हे यंत्र नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडे सहज पोचण्यासारखे होते. कमोडोर ६४ आला तो बहुधा आखातात किंवा परदेशात नोकरी केलेल्या नातेवाइकाच्या सामानातून. बीबीसी मायक्रो हे शाळांचे यंत्र. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला, तो याच यंत्रावर. आज ते भंगारातून किंवा हौशी संग्राहकाच्या हातून टेबलावर येते. याशिवाय टीव्हीला जोडायचे कीबोर्डवाले स्वस्त ‘गेम कम्प्युटर’ आणि २८६, ३८६ जातीचे पीसी आहेतच.

या सगळ्यांना आता तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त वर्षे झाली. त्यांतल्या आयसी बऱ्याचदा ठणठणीत निघतात. आधी बिघडते ती वीज, म्हणजे अडॅप्टर, रेग्युलेटर, कंडेन्सर. मग बिघडतात जोड, म्हणजे सॉकेट, पिना, कीबोर्डच्या पट्ट्या. नवशिका मात्र झाकण उघडल्याबरोबर सर्वांत मोठ्या आयसीकडे बोट दाखवतो. टीव्ही दुरुस्तीत मुरलेला मेकॅनिक तसे करत नाही. तो आधी मीटर लावतो, म्हणून या कामात तो संगणकाचा कोर्स केलेल्या माणसापेक्षा लवकर रुळतो.

इथल्या बिघाडांना इथल्या विजेचा इतिहास आहे. जुन्या नियमांप्रमाणे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ यांच्या दरम्यान असायला हवा. बागायती पट्ट्यात उसाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की तो १८०च्या खाली जाई, आणि मोटारी बंद झाल्या की घरातले दिवे डोळ्यांवर येत. जिल्ह्याच्या उत्तरेतल्या बऱ्याच भागाला श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज देत असे. २०११ मध्ये तो भाग महावितरणकडे आला. बाकी भागात २००५ पर्यंत वीज मंडळ आणि नंतर महावितरण. संस्था कोणतीही असो, लांबच लांब लाइन, भरलेली डीपी आणि ढिले जोड सगळीकडे सारखेच होते. त्यात भारनियमनाची वर्षे आली. तेव्हा लाइट जाण्यापेक्षा ती परत येण्याची भीती जास्त असे, कारण परत येताना गावातल्या सगळ्या मोटारी आणि पंखे एकाच वेळी ओढ घेत.

कमी व्होल्टेजने यंत्र कसे बिघडते, हे स्पेक्ट्रमवर स्वच्छ दिसते. त्याचा इंग्लंडहून आलेला अडॅप्टर २४० व्होल्टसाठी बनवलेला आहे. आत साधा ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक फिल्टर कंडेन्सर. बाहेर येतात ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरपर्यंत, तेही रेग्युलेट न केलेले. घरात १८० व्होल्ट आले की हिशेब सोपा आहे. ते २४०च्या पाऊणपट, तेव्हा ९चेही पावणेसात होतात. यंत्राच्या आत ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर आहे आणि त्याला काम करायला निदान ७ व्होल्ट लागतात. त्याखाली तो हात टेकतो. मग पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागतात, अक्षरे थरथरतात आणि मध्येच यंत्र आपोआप रीसेट होते. मालक म्हणतो, ‘संध्याकाळीच बिघडतं, सकाळी चालतं.’ हे वाक्य ऐकले की यंत्र उघडण्याआधी त्या घरातले संध्याकाळचे व्होल्टेज मोजावे. अशी किती तरी यंत्रे निर्दोष असतात. त्यांना दुरुस्ती नको असते, चांगला स्टॅबिलायझर पुरतो.

व्होल्टेज वाढले की बिघाडाची जात बदलते. २७० व्होल्टवर त्याच अडॅप्टरमधून दहाच्या जरा वर व्होल्ट निघतात. ७८०५ मधून पाऊण अँपिअर जात असेल तर ९ व्होल्टवर त्यात ३ वॅट उष्णता होते. आता ती पाव भागाहून जास्त वाढते. नगरच्या एप्रिल-मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकलेले असते, त्यात बंद प्लॅस्टिकच्या पेटीत ही भर. रेग्युलेटर बहुतेक वेळा तग धरतो, कारण तापला की तो स्वतःच मागे सरतो. शेजारचे कंडेन्सर मात्र वाळत जातात. त्याहून वाईट प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. खांबावर न्यूट्रलचा जोड सुटला की तीन फेजांमधला तोल जातो, ज्या फेजवर लोड कमी त्या घरांत व्होल्टेज चढते आणि ते ४०० च्या जवळपास जाऊ शकते. अशा रात्री एकाच गल्लीतले टीव्ही, फ्रिज आणि पंखे एकदम दुरुस्तीला येतात. त्या ढिगातल्या अडॅप्टरची प्रायमरी बहुधा ओपन असते. प्लगच्या दोन पिनांत मीटर लावला की चांगल्या अडॅप्टरला काहीशे ओहम दाखवतो. जळालेल्याला काहीच दाखवत नाही. अडॅप्टर स्वतः जळून आतले यंत्र वाचवतो, हे साध्या ट्रान्सफॉर्मरचे मोठेपण.

आणि मग मालक बाजारातून नवा ‘एलिमिनेटर’ आणतो. नुकसान इथे होते.

स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरची पिन आतून निगेटिव्ह आणि बाहेरून पॉझिटिव्ह आहे. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. पिन मापाने बसते, दिवा लागायचा प्रश्नच नाही कारण यंत्राला दिवाच नाही, आणि दोन सेकंदांत आतला पुरवठा जायबंदी होतो. म्हणून यंत्राबरोबर अडॅप्टर आला असेल तर तो यंत्राला न लावता आधी मोजावा. बिनलोडचा ९ व्होल्टचा अडॅप्टर १२-१३ दाखवतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मीटरची लाल वायर पिनेच्या आत घातल्यावर आकड्यापुढे उण्याचे चिन्ह आले पाहिजे. कमोडोर ६४ चा अडॅप्टर याहून धोक्याचा. त्यातून ९ व्होल्ट एसी आणि ५ व्होल्ट डीसी असे दोन पुरवठे निघतात, आतला रेग्युलेटर राळेत गाडलेला असतो, आणि तो बिघडताना व्होल्टेज कमी करण्याऐवजी वाढवतो. ५ च्या जागी सहा-साडेसहा व्होल्ट आले की यंत्रातली मेमरी जाते. असा मूळ अडॅप्टर चालू स्थितीत असला तरी वापरू नये. हौशी मंडळींना मूळ सामान जपायचे असते. त्यांनी ते कपाटात जपावे.

अडॅप्टर बरा निघाला की यंत्र उघडायचे. स्पेक्ट्रमच्या बोर्डात ५ व्होल्टशिवाय आणखी दोन पुरवठे लागतात, अधिक १२ आणि उणे ५. ते बोर्डावरच तयार होतात. एक छोटी कॉइल, टीआर४ आणि टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर आणि काही डायोड मिळून ९ व्होल्टपासून हे दोन पुरवठे काढतात. ही सगळी धडपड पहिल्या १६ के मेमरीसाठी. तिथे ४११६ जातीच्या आठ आयसी ओळीने बसवलेल्या आहेत. १९७० च्या दशकातल्या या आयसीला तिन्ही व्होल्टेज लागतात: १ नंबरच्या पिनेवर उणे ५, ८ वर अधिक १२, ९ वर अधिक ५ आणि १६ वर ग्राउंड. साध्या लॉजिक आयसींची सवय असलेल्या हाताला १६ नंबरची पिन पुरवठ्याची वाटते. इथे ती ग्राउंड आहे. मीटरची टोके लावताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

यातले उणे ५ सर्वांत नाजूक. ते नसताना अधिक १२ चालू राहिले तर ४११६ आतून तापतात आणि काही वेळातच मरतात. टीआर४ हा तर या यंत्राचा नेहमीचा गुन्हेगार. त्याला मारणारी गोष्ट बहुधा मागच्या बाजूची. तिथे बोर्डाची उघडी कड आहे, तीत जॉयस्टिक किंवा प्रिंटरचा जोड घालतात आणि त्या कडेवर ५ आणि ९ व्होल्टच्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत. यंत्र चालू असताना जोड घातला, काढला किंवा नुसता हलवला तरी दोन पट्ट्या एकमेकींना टेकू शकतात. मुले खेळाच्या भरात जॉयस्टिक ओढतात, पडदा पट्ट्यापट्ट्यांचा होतो आणि यंत्र माळ्यावर जाते. वीस-पंचवीस वर्षांनी ते खाली येते तेव्हा कोणालाच आठवत नसते की शेवटच्या दिवशी काय झाले होते. बोर्डाला ते आठवत असते: टीआर४ शॉर्ट, कॉइलची बारीक तार काळवंडलेली, मेमरीच्या एक-दोन आयसी खलास.

अशा बोर्डावर कामाचा क्रम ठरलेला असावा. वीज न देता आधी ओहमवर तिन्ही पुरवठे ग्राउंडशी तपासायचे. १२ व्होल्टची रेषा शॉर्ट दाखवत असेल तर मेमरीची एखादी आयसी शॉर्ट आहे, असे धरून चालावे. शॉर्ट काढल्याशिवाय नवा टीआर४ बसवला तर तोही लगेच जातो. यात पुष्कळांचे ट्रान्झिस्टर वाया गेले आहेत. शॉर्ट नसेल तर वीज देऊन ७८०५ च्या बाहेरचे ५ व्होल्ट मोजायचे. ४.७५ ते ५.२५ यांच्या आत असले की पुढे. मग ४११६ च्या पिनांवर १२ आणि उणे ५. हे तिन्ही आकडे जागेवर असल्याखेरीज आयसीविषयी बोलणे व्यर्थ आहे.

पुरवठे ठीक झाल्यावर पडदा स्वतःच बोलू लागतो. निरोगी स्पेक्ट्रम चालू केल्यावर क्षणभर काळा होतो, मग पांढरा होतो आणि तळाशी १९८२ सालची सिंक्लेअरची हक्कसूचना उमटते. त्या काळ्या क्षणात यंत्र आपली मेमरी तपासत असते. सूचना न येता उभे पट्टे दिसले तर बिघाड पहिल्या १६ के मध्ये. ही मेमरी आठ आयसींत वाटलेली आहे आणि प्रत्येक आयसीकडे प्रत्येक बाइटचा एकच बिट असतो. पडद्यावरची चित्राची मेमरीही हीच. त्यामुळे एक आयसी अडकली की दर आठ ठिपक्यांमागे एक उभी रेघ कायम राहते. ती रेघ आठांतल्या कितव्या जागी आहे ते डोळे बारीक करून मोजले की कितवा बिट, म्हणजे कोणती आयसी, हे कळते. यासाठी ऑसिलोस्कोप लागत नाही. भिंग आणि एक चांगला टीव्ही लागतो. अर्थात एकाहून अधिक आयसी गेल्या असतील तर हा हिशेब बिघडतो. तेव्हा बोटाचा आधार घ्यावा. यंत्र मिनिटभर चालवून प्रत्येक आयसीला बोट लावायचे. शॉर्ट झालेली आयसी चटका देते. बोटाला खात्री वाटत नसेल तर सगळ्यांवर स्पिरिटचा एकेक थेंब सोडावा आणि पाहत राहावे. ज्या आयसीवरचा थेंब आधी उडतो ती बदलावी.

वरची ३२ के मेमरी गेलेली असेल तर गंमत होते. यंत्र व्यवस्थित चालू होते, सूचना येते, छोटे कार्यक्रम चालतात, मोठे खेळ मात्र चढत नाहीत. मालकाचा संशय टेपवर जातो. खात्री करायला बेसिकमध्ये एक ओळ पुरते: पत्ता २३७३२ वर पीक करून आलेली संख्या अधिक २५६ गुणिले २३७३३ वर पीक केलेली संख्या, आणि हे प्रिंट करायचे. उत्तर ६५५३५ आले तर ४८ के शाबूत. ३२७६७ आले तर यंत्र स्वतःला १६ के समजत आहे. या वरच्या मेमरीच्या आयसी ४११६ सारख्याच दिसतात, पिनाही तितक्याच. पण त्यांना फक्त ५ व्होल्ट लागतात आणि तेही ८ नंबरच्या पिनेवर. त्यांच्या जातीची आयसी नजरचुकीने खालच्या ओळीत बसली की त्याच पिनेवर १२ व्होल्ट येतात. पुढचे सांगायला नको.

पुरवठे ठीक, मेमरी थंड आणि तरीही पडदा मुका राहिला, तरच प्रोसेसर आणि यूएलए यांच्याकडे वळावे. झेड८० या प्रोसेसरच्या ११ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट आहेत का, ६ वर ३.५ मेगाहर्ट्झचा क्लॉक येतो का, २६ वरचा रीसेट चालू झाल्यावर वर जाऊन स्थिर राहतो का, एवढे पाहिले की बरेच कळते. लॉजिक प्रोब असेल तर ते दोन मिनिटांचे काम. या यंत्रात झेड८० क्वचितच जातो. यूएलए गेली तर मात्र वाईट, कारण ती फेरांटी कंपनीने सिंक्लेअरसाठीच बनवलेली आयसी होती आणि तिला बाजारात पर्याय नाही. आता परदेशात तिच्या नकला तयार होतात, पण मागवायच्या तर खर्च यंत्राच्या किमतीशी जाऊन भिडतो. यूएलए सॉकेटवर असते. तिला दोष देण्याआधी ती एकदा काढून, पिना साफ करून परत बसवावी. मृत ठरवलेल्या कित्येक यूएलए एवढ्याने जिवंत झाल्या आहेत.

आयसी काढण्याबाबत एकच आग्रह. सिंक्लेअरच्या बोर्डावरचे तांबे पातळ आहे आणि जास्त तापवले की प्रिंट उचलून येते. मेलेली आयसी अख्खी काढण्याची हौस करू नये. बारीक कटरने तिचे सोळाही पाय अंगाजवळ कापावेत, धड फेकून द्यावे, मग २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एकेक पाय वेगळा ओढावा, सकरने भोक मोकळे करावे आणि तिथे आयसी बेस बसवावा. नवी आयसी बेसवरच. ४११६ आता नवीन बनत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना साठा मिळून जातो, पुण्यात बुधवार पेठेतल्या दुकानांतही विचारून पाहावे. अक्षरे जरा जास्तच ताजी दिसली तर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून पाहावा. घासून नव्याने छापलेल्या आयसी या धंद्यात पुष्कळ आहेत.

कीबोर्डचा बिघाड विजेचा नसतो, जोडाचा असतो. स्पेक्ट्रमच्या कळांखाली प्लॅस्टिकचा पडदा आहे, त्यावर चांदीच्या रंगाच्या रेषा छापलेल्या आहेत. त्याच्या दोन शेपट्या बोर्डातल्या जोडांत जातात, एक पाच रेषांची, दुसरी आठ रेषांची. नगरच्या कोरड्या हवेत हे प्लॅस्टिक कडक होते आणि शेपटी जिथे वळते तिथे चीर जाते. चाळीस कळांची ही जाळी असल्याने कोणत्या कळा मेल्या त्यावरून रेषा सांगता येते. अर्ध्या ओळीतल्या पाच कळा एकदम मेल्या तर आठ रेषांच्या शेपटीतली एक तुटली. निरनिराळ्या ओळींतल्या आठ कळा मेल्या तर पाच रेषांच्या शेपटीतली. चीर टोकाजवळ असेल तर शेपटी काही मिलिमीटर कापून पुन्हा घालता येते, लांबी उरली असेल तर. चांदीचा रंग लावून चीर सांधण्याचा उद्योग महिनाभर टिकतो. नवा पडदाच बसवावा. तो परदेशात अजून तयार होतो. यंत्र उघडताना मात्र वरचे झाकण झटक्याने उचलू नये. जुन्या शेपट्या तुटतात त्या बहुतेक याच क्षणी, आणि त्याचे खापर मालक दुरुस्ती करणाऱ्यावर फोडतो. त्यात त्याचे चुकते असेही नाही.

बीबीसी मायक्रोची तऱ्हा वेगळी. त्याच्या पोटात स्वतःचा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पुरवठा आहे, म्हणजे झाकण उघडल्यावर थेट मेन्स समोर. २३० व्होल्टचे डीसी केले की फिल्टर कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. या यंत्राचा प्रसिद्ध बिघाड म्हणजे धूर. मेन्सच्या वाटेवर रिफा कंपनीचे कागदी कंडेन्सर बसवलेले आहेत, पारदर्शक पिवळसर कवचाचे. या कवचाला वयाबरोबर बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा शिरते, आतला कागद ओल धरतो आणि एके दिवशी फट्ट आवाज होऊन खोलीभर जळका वास पसरतो. उन्हाळाभर माळ्यावर तापलेले यंत्र पावसाळ्यात खाली काढून लावले की असे व्हायला हमखास संधी मिळते. मौज अशी की धूर येत असतानाही संगणक चालूच राहतो, कारण हे कंडेन्सर फक्त विजेतला खडखडाट गाळण्यासाठी आहेत. दुरुस्ती स्वस्त आहे: तेवढ्याच मूल्याचे, २७५ व्होल्ट एसीचे एक्स२ जातीचे प्लॅस्टिक फिल्म कंडेन्सर. बीबीसी मायक्रो हातात आले की धुराची वाट न पाहता हे आधी बदलावेत. मग पहिल्यांदा वीज देताना साठ वॅटचा बल्ब सीरिजमध्ये लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. टीव्हीच्या प्रत्येक दुकानात हा सीरिज बोर्ड भिंतीला टांगलेला असायचा.

एसएमपीएस असलेल्या यंत्राला अर्थिंग लागते, आणि इथे गाडी अडते. नगरच्या औद्योगिक वसाहतीत लार्सन अँड टुब्रोने वर्षानुवर्षे स्विचगिअर बनवले, तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. पण त्याच नगरच्या जुन्या वाड्यांत तीन भोकांच्या सॉकेटचे वरचे भोक कित्येकदा रिकामे असते. अर्थिंग नसले की फिल्टरच्या कंडेन्सरमधून यंत्राच्या धातूवर जवळपास निम्मे मेन्स व्होल्टेज येऊन बसते. त्याने माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. पण त्या अवस्थेत यंत्राची वायर टीव्हीला जोडली की जोडाच्या टोकावर ठिणगी उडते आणि टीव्हीत किंवा संगणकात एखादी आयसी जाते. केबल टीव्हीची वायर यात भर घालते. तिच्या जाळीचा शॉक बसल्याचा अनुभव कोणाला नाही? जुना संगणक जोडताना टीव्हीची केबल काढून ठेवावी, सगळे जोड वीज बंद असताना करावेत आणि शेवटी प्लग घालावा.

टीव्हीची आणखी एक अडचण आहे. परदेशी स्पेक्ट्रमचे चित्र यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनलवर निघते. गोल खटक्याचा व्हीएचएफ ट्यूनर असलेल्या त्या काळच्या कृष्णधवल संचांना ते पकडताच येत नसे. ‘चित्रच येत नाही’ म्हणून यंत्र बिघडलेले ठरवण्याचे हेही एक कारण. आता चित्र चॅनलवर चढवणारा मॉड्युलेटर बाजूला ठेवून त्याच्या आत जाणारा व्हिडिओ सिग्नल सरळ टीव्हीच्या एव्ही सॉकेटला देतात. दोन वायरींचे काम आहे आणि चित्रही स्वच्छ मिळते. जुना टीव्हीच वापरायचा हट्ट असेल आणि त्याचे मागचे झाकण उघडावे लागले, तर पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली रंगीत संचात वीस हजार व्होल्टहून जास्त असतात हे विसरू नये. ज्याने ट्यूब कधी डिस्चार्ज केलेली नाही त्याने ते इथे शिकू नये.

टेपरेकॉर्डरविषयी थोडक्यात. त्याचा रबरी बेल्ट वितळून चिकट गोळा झालेला असतो, तो स्पिरिटने पुसून नवा घालावा. हेड साफ करावे. तरीही पडद्यावर लाल-निळसर पट्टे सुरळीत येऊन पुढच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांत ‘टेप लोडिंग एरर’ आली, तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवत टेपचा आवाज कानाने ऐकावा. आवाज जिथे सर्वांत धारदार लागतो तिथे थांबावे. गाण्याच्या कॅसेटवर पोसलेल्या कानाला हे पटकन जमते.

घाणीचेही थोडे सांगायचे राहते. कोपरगाव, श्रीरामपूर, प्रवरानगरसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात धुराड्याची काजळी घरात येते आणि सॉकेटच्या फटीत बसते. कोरडी असताना ती निरुपद्रवी, पावसाळ्यात ओल धरते. पाल बोर्डावर मुतली की तांब्याची रेषा हिरवी होऊन आतून खाल्ली जाते, वरून मात्र शाबूत दिसते. २८६ आणि ३८६ च्या बोर्डांवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून हेच करते, जास्त जोराने. अशी बॅटरी दिसली की यंत्र चालते की नाही हे पाहण्याआधीच कापून काढावी. गळलेला भाग व्हिनेगरने आणि नंतर स्पिरिटने धुवावा, रेषा न् रेषा मीटरने वाजवून पाहावी आणि तुटलेली बारीक वायरने सांधावी.

सर्वांत जास्त वेळ खातो तो आधीच्या माणसाने केलेला उपाय. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार, ७८०५ च्या जागी ७८१२, कंडेन्सर उलटा, हीट सिंकचा स्क्रू हरवला म्हणून रेग्युलेटर मोकळा लोंबकळता. मूळ बिघाड अर्ध्या तासाचा असतो, त्यावरची ही पुटे काढायला दिवस जातो. म्हणून कोणताही भाग बदलण्याआधी बोर्डाच्या खालच्या बाजूला ज्या ठिकाणी सोल्डर नवीन आणि चकचकीत दिसतो, ती ठिकाणे आधी तपासावीत.

दुरुस्त झालेले यंत्र लगेच परत देऊ नये. झाकण लावून, भर दुपारी, निदान तीन-चार तास चालवावे. उष्णतेने सुटणारे जोड तेव्हाच उघडे पडतात. परत देताना स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून ‘पिन आतून निगेटिव्ह’ असे ठळक लिहावे, आणि मालकाला मराठीत समजावून सांगावे की चालू यंत्राच्या मागे काही घालायचे नाही आणि काढायचेही नाही.

ज्यांच्या घरी असा संगणक अजून माळ्यावर आहे, त्यांनी तो खाली काढल्यावर उत्साहाने प्लगात घालू नये. आधी अडॅप्टर मोजून घ्यावा. मीटर घरात नसेल तर जवळच्या टीव्ही मेकॅनिककडे न्यावा. त्याला संगणक येत नसला तरी व्होल्ट मोजता येतात, आणि पहिल्या दिवशी तेवढेच लागते.